केशर गेलं, बाजार राहिला: सॅफ्रन वॉल्डन

शेवगा (धागाकर्ती)

इंग्लंडला येणारे आपले लोक लंडन बघतात, बाथ-ऑक्सफर्ड उरकतात, रजा उरली तर स्कॉटलंड. मधली बाजाराची लहान गावं गाडीच्या खिडकीतून मागे पडतात. त्यातलंच एक सॅफ्रन वॉल्डन. केंब्रिजच्या दक्षिणेला साधारण पंधरा मैलांवर, एसेक्स परगण्याच्या वायव्य कोपऱ्यात. वस्ती पंधरा हजारांच्या थोडी वर. मी जवळच राहते आणि शनिवारची भाजी तिथूनच आणते, तेव्हा थोडा पक्षपात होणार हे धरूनच वाचा.

नावातलं सॅफ्रन म्हणजे आपलं केशरच. पण गावाची गोष्ट केशरापासून सुरू होत नाही. ती बाजार पळवण्यापासून सुरू होते.

११३५ साली राजा पहिला हेन्री वारला आणि त्याची मुलगी मटिल्डा आणि भाचा स्टीफन यांच्यात गादीसाठी यादवी पेटली. वॉल्डनचा धनी होता जेफ्री द मँडव्हिल. हा गृहस्थ कधी या बाजूला, कधी त्या बाजूला, आणि प्रत्येक उडीत पदरात काहीतरी पाडून घ्यायचा. ११४१ मध्ये मटिल्डाकडून त्याने एक सनद मिळवली. तीन-चार मैलांवरच्या न्यूपोर्ट गावात भरणारा बाजार उचलून वॉल्डनला, आपल्या किल्ल्याच्या पायथ्याशी आणायची परवानगी! बाजार म्हणजे जकात आणि जागाभाडं, म्हणजे रोकड. न्यूपोर्टच्या लोकांना कोण विचारतो?

जेफ्रीला ते पैसे फार दिवस खाता आले नाहीत. ११४३ मध्ये स्टीफनने त्याला पकडून किल्ले काढून घेतले. मग हा पूर्वेकडच्या दलदलीत शिरून लुटालूट करू लागला आणि पुढच्याच वर्षी बाण लागून मेला. मठ लुटल्यामुळे चर्चने त्याला बहिष्कृत केलं होतं, म्हणून प्रेत कित्येक वर्षं दफनावाचून पडून राहिलं. किल्ल्याची गारगोटीच्या दगडांची पडकी भिंत आज संग्रहालयाच्या आवारात उभी आहे. तिच्याकडे बघून कोणाला धडकी भरेल असं नाही. पण त्याने पळवून आणलेला बाजार अजून भरतो, मंगळवारी आणि शनिवारी.

तेव्हा गावाला चिपिंग वॉल्डन म्हणत, म्हणजे बाजाराचं वॉल्डन. चौकाला लागून अरुंद गल्ल्यांची एक जाळी आहे: बुचर रो, मर्सर्स रो, मार्केट रो. खाटीक एका रांगेत, कापडवाले दुसऱ्या. आधी बाजाराच्या दिवसापुरते मांडलेले ठेले, मग त्यांवर कायमचं छप्पर, मग भिंती, मग वर राहायची खोली. असं होत होत बाजाराच्या मोकळ्या जागेचा बराच भाग घरांनी गिळला. नगरपालिकेचं अतिक्रमण पथक तेव्हा नव्हतं. आज त्याच अतिक्रमणाला ‘ऐतिहासिक वारसा’ अशी पाटी आहे. क्रीपमाउस ॲली नावाची एक बोळही आहे, तिथे खरोखर उंदरानेच जावं.

आता केशर. दंतकथा अशी की एका यात्रेकरूने पूर्वेकडून केशराचा कंद काठीच्या पोकळीत लपवून आणला. इथली जमीन चुनखडीची, पाण्याचा निचरा होणारी, आणि पाऊस इंग्लंडच्या मानाने कमी. कंद रुजला. पंधराव्या-सोळाव्या शतकात आसपासची शेतं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जांभळी होत. एक ग्रॅम सुकं केशर मिळवायला साधारण दीडशे फुलं लागतात. पहाटे खुडायची, घरात बसून तीन-तीन तंतू वेगळे करायचे आणि छोट्या भट्टीवर कागदांमध्ये दाबून वडी पाडायची. बायका-पोरांचं काम, अर्थात. माल जायचा कापड रंगवायला, औषधाला आणि श्रीमंतांच्या मुदपाकखान्यात. ही शेती करणाऱ्यांना क्रोकर म्हणत.

विल्यम हॅरिसन नावाचा पाद्री शेजारच्या रॅडविंटर गावात होता. सोळाव्या शतकातल्या केशरशेतीचं इतकं बारीक वर्णन त्याने केलंय की वाचून लागवड करता यावी. एक वर्ष पीक एवढं आलं की भाव कोसळला, आणि तंतू काढायला माणसं मिळेनात म्हणून निम्मी फुलं मजुरी म्हणून द्यावी लागली. तेव्हा एक क्रोकर वैतागून म्हणाला, “देव आता केशर हगायला लागलाय.” हॅरिसन पाद्रीच, त्यामुळे पुढे लगेच सांगतो की हा माणूस म्हणे पुढे भिकारी होऊन मेला. पीक चांगलं आलं की शेतकरी मरतो, हे कोणत्याही शतकात तसंच.

१५४९ मध्ये सहाव्या एडवर्डने गावाला सनद दिली. गावाच्या चिन्हात तटबंदीच्या आत उमललेली तीन केशरफुलं आहेत. राजेरजवाडे गावावरून गेले की त्यांना केशर नजर करायची चाल होती. आणि मग अठराव्या शतकात ते सगळं संपलं. परदेशी केशर स्वस्त पडू लागलं, दुसरे रंग आले, आणि एवढ्या मेहनतीपेक्षा धान्य परवडू लागलं. गावाने फक्त नाव ठेवून घेतलं.

मला या गावात सगळ्यात आवडते ती ही गोष्ट. हॅरिसनच सांगतो की केशर काढून घेतलेल्या जमिनीत पुढे कित्येक वर्षं खत न घालता बार्ली उत्तम येते. म्हणजे एक धंदा जाता जाता दुसऱ्याची मशागत करून गेला. बार्लीतून माल्ट, माल्टमधून बिअर, बिअरमधून पैसा, पैशातून बँक. तो भाग मोठा आहे, विचारलंत तर खाली लिहीन.

---

तांबट_आळी

वा! ठेल्यांची घरं झाली हे वाचून पुण्यातल्या आमच्या आळ्या आठवल्या. तांबट आळीतून तांब्याचे ठोके जवळजवळ गेले, बोहरी आळीत आता काय वाट्टेल ते मिळतं, पण नाव कोणी बदलत नाही.

तो बँकेचा भाग लिहाच, ताई. बिअरमधून बँक हे ऐकून उत्सुकता चाळवली आहे.

---

निळी_शाई

छान धागा. दोन माणसं राहिली, त्यांची भर घालते.

पहिला म्हणजे हेन्री विन्स्टनली. १६४४ साली याच गावात जन्मला. कामधंदा ऑडली एंड वाड्यावरच्या बांधकामाची देखरेख, पण डोकं जादूगाराचं. शेजारच्या लिटलबरी गावातलं त्याचं घर म्हणजे गमतीजमतींचं भांडार. पाहुणा खुर्चीवर बसला की खुर्ची त्याला घेऊन भलतीकडेच जायची. लोक पैसे देऊन बघायला यायचे. या माणसाने प्लिमथसमोरच्या एडिस्टन खडकावर, भर समुद्रात, दीपगृह बांधायचं ठरवलं. त्याआधी उघड्या समुद्रात असं काही कोणी उभं केलं नव्हतं. बांधकाम चालू असताना १६९७ मध्ये फ्रेंच खासगी लढाऊ जहाजाने त्याला पळवलं. चौदाव्या लुईने त्याला परत पाठवून दिलं, कारण दिवा दोन्ही देशांच्या खलाशांना उपयोगी होता. १६९८ मध्ये दिवा लागला. विन्स्टनली म्हणायचा म्हणे, मोठ्यात मोठं वादळ येईल तेव्हा मला दीपगृहातच असायचंय. नोव्हेंबर १७०३ मध्ये इंग्लंडच्या इतिहासातलं सर्वात भीषण वादळ आलं तेव्हा तो डागडुजीसाठी तिथेच होता. सकाळी खडकावर दीपगृहही नव्हतं आणि तोही.

दुसरा गेब्रिएल हार्वी, सोळाव्या शतकातला. बाप वॉल्डनमध्ये दोर वळायचा, पोरगा केंब्रिजमध्ये पंडित झाला. टॉमस नॅश नावाच्या लंडनच्या तिखट लेखकाशी त्याची जुंपली. छापील पुस्तिकांतून वर्षानुवर्षं एकमेकांची अब्रू काढणं चालू होतं. १५९६ मध्ये नॅशने हार्वीवर एक अख्खी पुस्तिकाच काढली आणि तिच्या नावातच सॅफ्रन वॉल्डन घातलं. दोरवाल्याच्या पोराला गावाची आठवण करून द्यायची, दुसरं काय. शेवटी १५९९ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप आणि लंडनचे बिशप यांनी हुकूम काढला: नॅश आणि हार्वी यांची पुस्तकं दिसतील तिथून जप्त करा, पुन्हा छापू देऊ नका. दोघांचेही आयडी ब्लॉक, धागा वाचनमात्र.

---

संपादक_मंडळ

आमचं काम किती जुनं आहे हे कळून बरं वाटलं. :)

---

खडूस_आजोबा

लेख चांगला, पण जरा गोडगोड झालाय. मी लंडनला मुलाकडे असताना ते गाव पाहिलंय. चौकात ऑलिव्ह आणि आंबवलेल्या पिठाचे पाव विकणारे बसतात. घरांच्या किमती बघून फेफरं येईल. अर्धं गाव सकाळच्या गाडीने लंडनला नोकरीला जातं. याला बाजाराचं गाव म्हणायचं? शेतकरी कुठे आहेत त्यात?

आणि “जुनं जपलंय” वगैरे जे बोललं जातं, ते जपलं नाहीये. पाडून नवं बांधायला पैसा नव्हता म्हणून ते उरलं. दारिद्र्याला वारसा म्हणायची फॅशन आहे.

---

शेवगा (धागाकर्ती)

आजोबा, निम्मं मान्य. पण “पैसा नव्हता” हे या गावाला नीट लागू पडत नाही, आणि तोच बँकेचा भाग आहे, म्हणून दोघांना एकत्रच उत्तर देते.

चौकात उभं राहून चारी बाजूंना बघा. तिथे मध्ययुगीन फारसं काही नाही, जवळपास सगळा व्हिक्टोरियन काळ आहे. धान्यबाजाराची इटालियन थाटाची इमारत १८४८ ची. आता तिथे वाचनालय आहे. मधलं पिण्याच्या पाण्याचं कारंजं १८६३ चं, युवराजाच्या लग्नाची आठवण म्हणून. बँकेची भारदस्त इमारत १८७४ ची. नगरभवनाचा लाकडी पट्ट्यांचा ‘जुना’ दर्शनी भाग १८७९ चा, म्हणजे ट्यूडर काळाची हौसेने केलेली नक्कल. पर्यटक नेमका त्याच्याच पुढ्यात फोटो काढतात आणि दोन मिनिटांवरच्या खऱ्या पंधराव्या शतकातल्या घराकडे पाठ करून निघून जातात.

हे सगळं कुठून आलं? गिब्सन घराण्याकडून बरंचसं. हे लोक क्वेकर. क्वेकर म्हणजे पाद्री न मानणारे, शपथ न घेणारे, युद्धाला विरोध करणारे ख्रिस्ती. राज्याच्या अधिकृत चर्चबाहेरचे असल्यामुळे विद्यापीठाच्या पदव्या आणि सरकारी पदं त्यांना बराच काळ बंद होती. मग उरला व्यापार. गिब्सनांनी माल्ट केलं, बिअर केली. शेतकऱ्यांशी रोजचा व्यवहार, शब्दाला पक्के अशी ख्याती, त्यामुळे लोक पैसेही त्यांच्याकडेच ठेवू लागले. त्यातून बँक उभी राहिली. १८९६ मध्ये देशभरातल्या वीस खासगी बँका एकत्र येऊन बार्कलेज झाली, त्यात ‘गिब्सन, ट्यूक अँड गिब्सन’ एक होती.

त्यांच्यातला जॉर्ज स्टेसी गिब्सन तर वनस्पतिशास्त्रज्ञ. एसेक्समधल्या वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १८६२ चा. रुग्णालयाला पैसे याचे, नगरभवनाला याचे, क्वेकरांची शाळा क्रॉयडनहून १८७९ मध्ये इथे आली त्यामागेही हाच. (ती शाळा २०१७ मध्ये बंद पडली.) एका घराण्याच्या मर्जीवर अख्खं गाव चालावं हे मला व्यक्तिशः रुचत नाही. दात्याच्या मनात आलं नाही ते गावात झालं नाही, असंही याचं दुसरं टोक असतं. पण पैसा नव्हता असं म्हणता येणार नाही.

गाव वाढलं नाही त्याचं मोठं कारण रेल्वे. लंडन-केंब्रिज लोहमार्ग १८४५ मध्ये झाला तो गावाला बगल देऊन. स्टेशन दोन मैलांवर, नाव ऑडली एंड. तिथल्या वाड्याचे मालक लॉर्ड ब्रेब्रुक यांना आपल्या बागेतून धूर दिसायला नको होता. म्हणून मार्ग बोगद्यांतून नेला आणि बोगद्यांची तोंडंसुद्धा नक्षीदार बांधून घेतली. गावापर्यंतचा फाटा १८६५ मध्ये आला, त्यातही गिब्सनांचा जोर होता, आणि १९६४ मध्ये तो प्रवाशांसाठी बंद झाला. मुख्य मार्गावर असतं तर कारखाने आले असते, विटांच्या चाळी आल्या असत्या. चांगलं झालं की वाईट हे कारखान्यात काम मिळालं असतं त्याला विचारायला हवं.

शेतकरी चौकात कमी, हे खरंच. पण ऑलिव्हवाल्याच्या शेजारी मासळीची गाडी असते, भाजीचे ठेले असतात, आणि तिथल्या रांगेत उभ्या बायका खेड्यांतून बसने आलेल्या असतात. मीही त्याच रांगेत असते.

---

वऱ्हाडी_ठेचा

ताई, या गावाचं अन् आमच्या नागपूरचं एक नातं आहे, ते तुम्ही सोडूनच देलं न राव! सांगतो.

रॅब बटलर. १९२९ पासून १९६५ पर्यंत सॅफ्रन वॉल्डनचा खासदार. शिक्षणाचा १९४४ चा कायदा त्याचा. अर्थमंत्री झाला, गृहमंत्री झाला, परराष्ट्रमंत्री झाला. पंतप्रधानपद मात्र १९५७ मध्ये हुकलं, अन् १९६३ मध्ये पुन्हा हुकलं. जन्म कुठला? पंजाबातल्या अटकचा, १९०२ चा. बाप सर मॉन्टेग्यू बटलर आयसीएस अधिकारी. रॅब सहा वर्षांचा असताना हिंदुस्थानातच घोड्यावरून पडला अन् उजवा हात कायमचा अधू झाला.

आता नागपूर. हा बाप १९२५ ते १९३३ मध्य प्रांताचा गव्हर्नर होता. म्हणजे मुलगा वॉल्डनमधून पहिल्यांदा निवडून आला तेव्हा बाप नागपूरच्या गव्हर्नर हाउसात बसलेला. पुढे १९३२ मध्ये रॅब हिंदुस्थान खात्याचा उपमंत्री झाला अन् १९३५ चा गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्ट संसदेतून पार करायचं किचकट काम सॅम्युएल होअरबरोबर यानं केलं. त्याच कायद्याखाली १९३७ च्या निवडणुका झाल्या, अन् मध्य प्रांत-वऱ्हाडात डॉ. ना. भा. खरे मुख्यमंत्री झाले. तेव्हा त्या पदाला पंतप्रधानच म्हणत.

अन् या बिलाला सगळ्यात कडवा विरोध कोणाचा? चर्चिलचा. चर्चिलचा मतदारसंघ एपिंग. तोही एसेक्समध्येच! एकाच परगण्यातले, एकाच पक्षाचे दोन खासदार आमच्या भवितव्यावर भांडत होते.

---

शेवगा (धागाकर्ती)

ठेचाभाऊ, हे झकास! त्याला जोडून: रॅबची पहिली बायको सिडनी, कोर्टोल्ड घराण्यातली. हे एसेक्समधले मोठे कापड गिरणीवाले. ही जागा मिळायला सासरचं वजन बरंच कामी आलं. निवृत्त झाल्यावर सरदारकी घेतली तीही ‘बॅरन बटलर ऑफ सॅफ्रन वॉल्डन’ अशीच. १९८२ मध्ये गेला. कबर इथल्याच सेंट मेरी चर्चच्या आवारात आहे.

त्या चर्चबद्दलही थोडं. एसेक्समधलं सगळ्यात मोठं ग्रामचर्च हे. मनोरा १९३ फूट उंच, वरचा सुळका १८३२ चा. कोणत्याही रस्त्याने या, गावाआधी तो दिसतो. आत टॉमस ऑडलीची काळ्या दगडाची समाधी आहे. हा आठव्या हेन्रीचा लॉर्ड चॅन्सेलर. राजाला चर्चचा प्रमुख मानायला नकार देणाऱ्या टॉमस मोरच्या खटल्यात न्यायासनावर हा होता. बक्षीस म्हणून मठ बरखास्त झाल्यावर इथला वॉल्डनचा मठ आणि त्याच्या जमिनी मिळाल्या. सतराव्या शतकातल्या टॉमस फुलरने लिहून ठेवलंय की हा दगड काळा आहे आणि कठीणही, पण आतल्या माणसाच्या काळजापेक्षा जास्त नाही.

मठाच्या जागी ऑडलीच्या नातवाने, टॉमस हॉवर्डने, १६०३ ते १६१४ या काळात ऑडली एंडचा प्रचंड वाडा बांधला. पहिला जेम्स राजा बघायला आला आणि म्हणाला, हे राजाला परवडायचं नाही, खजिनदाराला ठीक आहे. हॉवर्ड खजिनदारच होता. पाचेक वर्षांत तो अफरातफरीत दोषी ठरला आणि लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत गेला. पुढे दुसऱ्या चार्ल्सने न्यूमार्केटच्या शर्यतींना जवळ म्हणून वाडा विकत घेतला. नंतरच्या मालकांनी खर्च झेपेना म्हणून मोठाले भाग पाडून टाकले. आज उभा आहे तो मूळ वाड्याचा तुकडा, आणि तोही थकवून टाकतो.

---

पंचगंगाकाठ

ऑडली एंड म्हणजे दुसऱ्या महायुद्धात पोलिश पॅराशूटवाल्यांचं प्रशिक्षण चालायचं तेच ना? तिथे शिकून ही पोरं रात्री जर्मनव्याप्त पोलंडमध्ये उतरायची. आवारात त्यातल्या १०८ मृतांचं स्मारक आहे.

अवांतर: त्याच युद्धात पोलंडच्या निर्वासित बायका-मुलांची छावणी आमच्या कोल्हापूरजवळ वळिवडेला होती, १९४३ पासून. जवळपास पाच हजार माणसं. म्हणजे भाऊ-नवरे एसेक्सच्या वाड्यात आणि बायका-पोरं पंचगंगेच्या काठी, असं एखादं घर असायला काही हरकत नाही. कोणाला पक्की माहिती असेल तर लिहा रे.

---

खडूस_आजोबा

वाडे, लॉर्ड, खजिनदार. लोक कुठे आहेत?

---

निळी_शाई

आजोबा, लोक आहेत की. १६४७ बघा.

राजा पहिला चार्ल्स आणि संसद यांच्यातली यादवी संपलेली, राजा कैदेत. संसदेला आपलं सैन्य आता नकोसं झालं होतं: काहींना आयर्लंडला धाडायचं, बाकीच्यांना घरी. आणि थकलेला पगार? त्याबद्दल अळीमिळी. सैन्याचा तळ तेव्हा सॅफ्रन वॉल्डनला, सेनापती फेअरफॅक्सचं ठाणं इथेच. संसदेचे प्रतिनिधी समजूत घालायला आले. सेंट मेरी चर्चमध्ये मार्चमध्ये एकदा आणि मे महिन्यात पुन्हा बैठका झाल्या. मे महिन्यातल्या बैठकीला संसदेच्या सैन्याचा नेता क्रॉमवेलही होता. साध्या शिपायांनी तोवर प्रत्येक पलटणीतून आपले प्रतिनिधी निवडले होते. त्यांना ‘ॲजिटेटर’ म्हणत. पगाराची मागणी करता करता ते मुळात राज्य कोणाचं, मत कोणाला, इथवर पोचले. त्याच वर्षी शरद ऋतूत लंडनजवळ पटनीला सैन्यात याच प्रश्नांवर झालेल्या वादांचा उल्लेख सगळीकडे येतो. त्याची सुरुवात या चर्चमधल्या बाकांवर झाली हे फार कोणी सांगत नाही.

अधिकृत पर्यटन पत्रकांत केशराला जेवढी जागा असते तेवढी या शिपायांना नसते, यावर माझा जुना राग आहे.

---

खडूस_आजोबा

हे मस्त. आता कसं धाग्यात मीठ पडलं.

---

तांबट_आळी

लहान मुलांना घेऊन गेलो तर बघण्यासारखं काय? वाडा-चर्च म्हटलं की आमची वानरसेना तोंड फिरवते.

---

शेवगा (धागाकर्ती)

आधी ‘कॉमन’ नावाच्या गावकुसातल्या मोकळ्या मैदानावर सोडा. तिथे गवतात कोरलेला चक्रव्यूह आहे, इंग्लंडमध्ये उरलेल्या अशा जुन्या चक्रव्यूहांत सगळ्यात मोठा. भिंती नाहीत, नुसती गवतातून वळत जाणारी विटांची पायवाट, पण पूर्ण चालायची तर जवळपास मैलभर. १६९९ मध्ये तो पुन्हा कोरून घेतल्याचा खर्च गावाच्या हिशेबात आहे, म्हणजे मूळ त्याहूनही जुना. हरवायची भीती नाही, दमायची आहे. खरंच हरवायचं असेल तर ब्रिज एंड गार्डनमध्ये उंच झुडपांचा भूलभुलैया आहे. तोही गिब्सनांचाच.

मग चर्च स्ट्रीटवरची ओल्ड सन इन ही जुनी सराय दाखवा. चुन्याच्या गिलाव्यात उठवलेलं ठसठशीत नक्षीकाम, साल १६७६. त्यात दोन माणसं आहेत: एक लोककथेतला वीर टॉम हिकाथ्रिफ्ट, दुसरा त्याने मारलेला विस्बेकचा राक्षस. मुलांना राक्षसाची गोष्ट सांगा, क्रॉमवेल नंतर.

आणि संग्रहालय. १८३५ मध्ये उघडलेलं, देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. त्याच्या हत्तीची गोष्ट तर आपल्या कामाची. १८५१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जगभरातल्या वस्तूंचं महाप्रदर्शन भरलं. हिंदुस्थानच्या दालनात मुर्शिदाबादच्या नवाब नाझिमने राणीला पाठवलेली झगमगती अंबारी मांडायची होती. अंबारी आली, हत्ती कुठून आणायचा? शोधाशोध झाली आणि एसेक्समधल्या या लहानशा गावाच्या संग्रहालयात पेंढा भरलेला हत्ती सापडला. तो उसना नेऊन त्यावर अंबारी चढवली. हिंदुस्थानचं वैभव बघायला लोटलेल्या लाखो लोकांनी जो हत्ती पाहिला तो आफ्रिकन होता!

---

वऱ्हाडी_ठेचा

😂😂 सूपाएवढे कान बघूनही कोणाच्या ध्यानात नाही आलं?

---

निळी_शाई

ध्यानात येऊनही कोण बोलणार, राणीची अंबारी!

ताई, एक राहिलं: चित्रकार. एडवर्ड बॉडन १९७० मध्ये इथे राहायला आला आणि १९८९ मध्ये जाईपर्यंत इथेच होता. फ्राय आर्ट गॅलरीत त्याची आणि एरिक रॅव्हिलियसची चित्रं आहेत. छोटंसं दालन, पण जाच. आणि गाण्याची आवड असेल तर सॅफ्रन हॉल. २०१३ मध्ये सरकारी शाळेच्या आवारात उभं राहिलेलं, सातशेच्या वर आसनांचं संगीतगृह. नाव न सांगणाऱ्या कोणीतरी एक कोटी पौंड दिले. गिब्सन परंपरा चालूच म्हणायची.

---

शेवगा (धागाकर्ती)

फरक एवढाच की गिब्सन नाव सांगून द्यायचे. :)

तिथे सकाळी शाळेची प्रार्थना आणि संध्याकाळी जगातले नावाजलेले वाद्यवृंद असा प्रकार आहे. माझ्या मते गावात गेल्या पन्नास वर्षांत झालेली ही सगळ्यात चांगली गोष्ट.

---

पंचगंगाकाठ

आता एक व्यवहाराचं विचारतो. तिथे केशर मिळतं का? बायकोने यादीत लिहिलंय.

---

शेवगा (धागाकर्ती)

अलीकडे एसेक्समध्ये थोडी लागवड पुन्हा सुरू झाली आहे, पण उत्पादन अगदी कमी आणि भाव तसाच. श्रीखंडाला काश्मिरीच बरं. कुतूहल म्हणून चिमूटभर घ्यायचं असेल तर दुकानात विचारा, चौकातल्या ठेल्यांवर मिळेल याच्या भरवशावर राहू नका.

जायचं कसं: लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटवरून केंब्रिजची गाडी, ऑडली एंडला उतरायचं, पुढे बस नाहीतर पायी. मंगळवार किंवा शनिवार धरा. दुपार कलल्यावर ठेले आवरायला लागतात, म्हणून सकाळीच पोचा. चक्रव्यूह आधी करा, जेवल्यावर तो मैल जड जातो. आणि परतताना वेळ असेल तर एक स्टेशन लंडनच्या बाजूला न्यूपोर्टला उतरा. बाजार गेला तरी रेल्वे त्यांच्याच दारात आली.

---

खडूस_आजोबा

सातशे वर्षांनी का होईना, न्यूपोर्टने वसूल केलं म्हणायचं. पुढचा धागा न्यूपोर्टवर काढा.

---

शेवगा (धागाकर्ती)

तुम्ही काढा, आजोबा. मी प्रतिसादात येऊन खुसपट काढते.